नको असलेली शीळ

म्हाताऱ्या बाईंनी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. काचेपलीकडच्या लहानशा बंद खोलीत त्या हेडफोन लावून ताठ बसल्या होत्या, आणि काचेच्या अलीकडे त्याच्या यंत्रावरचा लाल दिवा जो लागला तो लागलाच. हॉस्पिटलात लोकांचे कान तपासायचं त्याचं हे रोजचं काम. हलकी शीळ सोडायची, ऐकू आली की समोरच्याने बटण दाबायचं, दिवा लागायचा, बोट उचललं की विझायचा. मग शीळ आणखी हलकी करायची, आणखी हलकी, समोरचा गप्प होईपर्यंत. माणसाचं ऐकणं कुठे संपतं तिथे कागदावर एक फुली मारायची. इतक्या वर्षांत त्याने सगळे नमुने पाहिले होते. काही ऐकू येत नसताना अंदाजपंचे बटण दाबणारे, स्वच्छ ऐकू येत असून बायकोसमोर ठार बहिरे होणारे, परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम होणारे. पण दाबून ठेवणारं कोणी आठवत नव्हतं. त्याने शीळ बंद केली. दिवा तसाच. फॉर्मवर ‘सहकार्य अपुरे’ असं लिहून टाकून त्याने ते जड दार उघडलं आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाला, "आजी, आवाज थांबला की बोट उचलायचं." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डोळे टक्क जागे होते. कोपऱ्यात स्टुलावर बसलेली त्यांची सून उठली आणि तिने सासूचं बोट बटणावरून अलगद सोडवलं, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणं काढून घ्यावं तसं. "त्यांना सगळं ऐकू येतं हो," ती म्हणाली. "झटका आल्यापासून हात असा झालाय. दाबता येतं, पण पटकन उचलता येत नाही. वाचाही गेलीय. पण दाबलं ना, की समजायचं, ऐकलं." तो बरं म्हणाला, बाहेर आला, ‘सहकार्य अपुरे’ हे शब्द त्याने खोडले, आणि त्यानंतरचा सगळा दिवस त्याला काही सुचेना.

घरी जाताना तो चालतच निघाला. मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती आणि ती कशावरून ते कळत नव्हतं. एखादं नाव जिभेवर यावं आणि ओठांशी येऊन अडावं, तसं काहीतरी. रस्त्यावर दुकानांची शटरं निम्मी खाली आली होती, कोपऱ्यावर रस्ता खोदून ठेवला होता आणि त्यात उतरलेला कामगार वर उभ्या असलेल्या दुसऱ्याला ओरडून काही सांगत होता. वरच्याने कानाला हात लावला, खालच्याने परत तेच, जास्त मोठ्याने. त्याला वाटलं, मोठ्याने बोलून काय उपयोग, ड्रिल मशीन आधी बंद करा ना लेको. आवाज मोठा करून काही होत नाही, नको असलेला आवाज कमी करायला लागतो, हे त्याचं आयुष्यभराचं मत होतं. हॉस्पिटलात आणि घरीही. किंबहुना त्याला स्वतःचं असं एवढं एकच मत होतं, असं बायको म्हणायची. तीन जिने चढून त्याने दार उघडलं तेव्हा आत फोन वाजत होता. बायकोचाच. ती मुलीकडे गेली होती, बाळंतपणाला म्हणून. बाळंतपण झालं, बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं, आता ते भिंतीला धरून उभं राहत होतं, आणि बायको येतेच हो, येतेच, म्हणत अजून तिथेच होती. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलण्यासारखं काही असतं. "जेवलात?" "आत्ताच येतोय." "भात लावा आणि कालचं वरण संपवा, फेकू नका." "हं." "बाळाने आज माझा चष्मा मोडला." "हं." "आणि मास्तर काय म्हणतात? बोलणं होतं का तुमच्या त्या खोक्यावर?" "बरे आहेत," तो म्हणाला. "माझा नमस्कार सांगा त्यांना," ती म्हणाली आणि तिकडे बाळ रडलं म्हणून फोन ठेवला. हातातला फोन खाली ठेवायला त्याला थोडा वेळ लागला. मास्तर बरे आहेत हे तो गेले कित्येक महिने सांगत आला होता, आणि मास्तरांचा गेले कित्येक महिने पत्ता नव्हता.

त्या खोक्याला बायको सवत म्हणायची. रागाने नाही, घरात एक सवत असावी आणि ती टेबलावर बसून खरखर करणारी असावी, यात तिला गंमतच वाटे. हौशी रेडिओवाल्यांचा सेट तो: बोलायचा आणि ऐकायचा एकाच पेटीत. मागच्या खोलीत खिडकीपाशी तो होता, गच्चीवरच्या तारेची शेपटी खिडकीतून आत आली होती. त्याने कपडेही न बदलता सेट लावला. काच उजळली आणि खोलीभर शहराची खरखर भरली. कुणाच्या मोबाइलच्या चार्जरची किरकिर, लिफ्ट वरखाली होताना उठणारी चरचर, समोरच्या दुकानाच्या पाटीतली गुरगुर. हे सगळं त्याला माणसांसारखं ओळखीचं होतं. मग त्याने हात घातला. आधी रुंदीचं बटण: सताड उघडं असलेलं दार हळूहळू लोटून घ्यावं तसं डाव्या-उजव्या बाजूचं ऐकणं कमी करत आणलं, खर्जातली गुरगुर गेली, वरची किरकिर गेली. मग खरखर खाणारी गाळणी, थोडीच. जास्त लावली तर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. आणि शेवटी नॉच. या सगळ्यात त्याची लाडकी गाळणी ती. ऐकण्याच्या पट्टीत कुठेही एकसुरी शीळ घुसली की ही स्वतः तिला हुडकून काढते आणि तेवढीच, सुताएवढी, कापून टाकते. बाकीच्या बोलण्याला धक्का लागत नाही. नॉचचा बारका हिरवा दिवा लागला. सवयीने लावला होता, रोज लावतो तसा. खोली शांत झाली. इतकी शांत, की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येऊ लागला.

मास्तरांना या सगळ्या गाळण्यांची चेष्टा करायला आवडायचं. मास्तर म्हणजे तारखात्यातून निवृत्त झालेले, रेडिओवर भेटलेले, त्याच्याहून पुष्कळ मोठे. दुसऱ्या गावी राहायचे. एवढ्या वर्षांत प्रत्यक्ष भेट एकदाच झाली, हौशी लोकांच्या एका मेळाव्यात. समोरासमोर बसले आणि दोघांनाही काय बोलावं कळेना. रेडिओवर रोज संध्याकाळी मोर्सच्या तारभाषेत कट्ट-कडकट्ट करून जगाच्या गोष्टी करणारी ही दोन माणसं, चहाच्या कपांकडे बघत बसली. शेवटी मास्तरांनी चमचा उचलला आणि बशीच्या काठावर वाजवला, ‘चहा पांचट आहे,’ आणि त्याने आपल्या बशीवर उत्तर दिलं, आणि मग पुढचा तासभर दोघं चमच्यांनी बोलत होते आणि शेजारच्या टेबलावरचे लोक उठून गेले. मास्तरांचा सेट त्यांनी स्वतः बांधलेला, एकाच जागेवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा. सुई इकडची तिकडे करायची सोय नाही. "मी हलत नसतो," ते म्हणायचे, "तूच ये." त्यांचं आणखी एक होतं. बोलायला सुरुवात करण्याआधी ते मोर्सची चावी, ज्यावर तार ठोकतात ती, नुसती दाबून धरायचे. अक्षर नाही, शब्द नाही, एक लांब शीळ. समोरच्याला आपली सुई जुळवायला, गाळणी बसवायला वेळ मिळावा म्हणून. जुन्या तारवाल्यांची रीत. "लेका, माणूस आधी कुठे आहे ते कळू दे, मग काय म्हणतो ते ऐक," असं त्यांनी त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणि ते घाईने आलेल्या कुणाशीही बोलायचे नाहीत. त्याने हा नवा सेट घेतला आणि त्यातल्या गाळण्यांचं पाच संध्याकाळी वर्णन ऐकवलं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "चहा पितोस की गाळणीच चाटतोस?"

मग एका संध्याकाळी मास्तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, त्या आठवड्यात नाहीत. त्याने बरोबर त्या जागेवर, त्या वेळेला हाका मारल्या. एक कार्ड टाकलं, त्याचं उत्तर नाही आलं. फोन नंबर होता. एकदा त्याने तो लावलाही आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. कारण फोन कुणीतरी उचलला असता, आणि ‘अहो, तुम्हाला कळलं नाही का’ असं म्हटलं असतं, आणि मग मास्तर खरोखरच गेले असते. विचारलं नाही तोवर ते नुसते आले नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाने असं वागावं का? नाही. पण तो तसा वागला, आणि बायको विचारायची तेव्हा बरे आहेत म्हणाला, आणि रोज संध्याकाळी त्या रिकाम्या जागेवर सेट लावून बसत राहिला. तिथेच मंडळी त्याला सापडली. मोर्सवाली नव्हे, माइकवर गप्पा मारणारी. एक निवृत्त जहाजावरचे, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, एक फोटोवाला, आणखी दोघंचौघं. "ही जागा मोकळी दिसतेय, इथे जमलं तर चालेल का?" कॅप्टनने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "या की, इथे कुणी नसतं." खरं सांगायचं तर त्याला माणसांचे आवाज हवे होते. मंडळी कुठल्या गोळ्या रक्तदाबाला चांगल्या, कुणाच्या गच्चीवर माकडं आली, असलं काहीबाही बोलत आणि तो भात लावून ते ऐकत बसे. मध्येच हं म्हणे. कान तपासतो म्हणून मंडळी त्याला कानवाले म्हणत.

शीळ सुरू झाली ती त्यानंतर काही दिवसांनी. मंडळी रंगात आली की बरोबर मध्येच एक लांबलचक, एकसुरी शीळ. फोटोवाला चिडला. "कोण गाढव आहे हा? सेट चालू ठेवून झोपला की काय?" कॅप्टन म्हणाले, मुद्दाम करतायत, हल्लीच्या पोरांचे उद्योग. आणि त्याचा हात बटणाकडे गेला. त्याला आता नीट आठवत होतं, हात कानाच्या आधी गेला. शीळ म्हटल्यावर नॉच, इतकं ते अंगवळणी पडलेलं. बोट टेकलं, हिरवा दिवा लागला, शीळ गडप. आणि मग ज्याला एरवी बोलायला काही सुचत नसे तो त्या संध्याकाळी सगळ्यांपेक्षा जास्त बोलला. तुमच्या सेटला हे बटण इथे असेल, तुमच्याला तिथे. दाबा, दिवा लागला? आता ऐका. सगळ्यांच्या शिळा गेल्या. सगळे वाहवा म्हणाले. तो खूश झाला, आणि खुशीत बोलून गेला, "शीळ घालणाऱ्यावर एकच उपाय असतो बघा. त्याचं अस्तित्वच मान्य करायचं नाही. कंटाळून जाईल आपोआप." मंडळी हसली. कॅप्टनने ते वाक्य पुढे दोनचारदा वापरलंसुद्धा.

आज कॅप्टनचा आवाज नेहमीसारखाच गडगडत आला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट होती, कालच्या जागेवरून पुढे सुरू. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. डोळ्यांसमोर तो लाल दिवा होता, जो लागला तो लागलाच. दाबता येतं, पण पटकन उचलता येत नाही. दाबलं ना, की समजायचं. ओठांशी अडलेलं नाव सुटून बाहेर यावं तसं ते आतून वर आलं. त्याने हिरव्या दिव्याकडे पाहिलं. नॉच काढायला हात पुढे केला आणि तो हात त्याला परक्याचा वाटला. दाबलं. दिवा विझला.

शीळ होती. कॅप्टनच्या गुडघ्याखाली, एकसुरी, लांब, न हलणारी. रोज असणार. त्याने ती कधी ऐकलीच नव्हती. मग ती थांबली. त्याने रुंदीचं बटण उलटं फिरवत सगळं मोकळं केलं, खरखर खाणारी गाळणी काढली, किरकिर, चरचर, गुरगुर सगळं परत घरात आलं, येऊ दे. बराच वेळ काही नाही. आणि मग शीळ परत आली, आणि येताना सुरुवातीला अगदी किंचित वर होती आणि घसरून आपल्या जागेवर बसली. टुई, आणि मग सरळ. मास्तरांच्या सेटचा दोष तो. चावी दाबली की सूर जरा वरून खाली घसरायचा, पायरी चुकल्यासारखा, किती वेळा त्याने त्यावरून त्यांना छेडलं होतं, आणि मास्तर म्हणायचे, "असू दे. वय झालंय त्याचं." जगात दुसऱ्या कुठल्या सेटचा सूर असा घसरत नव्हता. मास्तर मेले नव्हते. मास्तर रोज संध्याकाळी त्याच वेळेला, त्याच जागेवर येत होते, आणि हाताला जेवढं येत होतं तेवढं करत होते.

आनंद झाला, नाही असं नाही. छातीत एकदम ऊन पडल्यासारखं झालं. पण ते पुरतं पसरायच्या आत दुसरी गोष्ट लक्षात आली आणि तो खुर्चीत मागे टेकला. मास्तरांचा हात गेला होता. कान नव्हते गेले. त्यांच्या जुन्या सेटवर ही सगळी बडबड स्वच्छ ऐकू जात होती. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. ‘या की, इथे कुणी नसतं’ हे कदाचित नसेल. तेव्हा ते हॉस्पिटलात असतील. पण ‘गाढव’ हे ऐकलं होतं. आणि त्याचा आवाज, ज्याच्यासाठी ते आले होते तो आवाज, उत्साहाने सांगताना ऐकला होता, की हे बटण इथे असेल, दाबा, आता ऐका. अस्तित्वच मान्य करायचं नाही. आणि सगळ्यांचं हसू. त्या संध्याकाळी सेट बंद करून ते काय करत बसले असतील? आणि दुसऱ्या दिवशी कसे आले असतील परत? त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी? त्याला वाटलं, आपण असतो तर एकदाही आलो नसतो.

"आली बघा परत," फोटोवाला म्हणत होता. "आमच्याकडे नॉच लावलाय, पण सुरुवातीचं टोक निसटतंय. अहो कानवाले, तुमच्याकडे कशी काय?"

त्याने माइक ओढला. "नॉच काढा," तो म्हणाला.

"काय?"

"सगळे जण नॉच काढा. आणि थोडा वेळ कुणी बोलू नका. ती शीळ माझ्या ओळखीची आहे."

कॅप्टनला ते रुचलं नाही. "ओळखीची म्हणजे? अहो, ही गप्पांची जागा आहे आपली."

"त्यांची आहे," तो म्हणाला. "मी तुम्हाला दिली. माझी नव्हती द्यायला. कॅप्टन, ते आजारी आहेत. त्यांना बोलता येत नाही, हात चालत नाही. पण आपण इतके दिवस जे जे बोललो ते सगळं त्यांना ऐकू येतंय." रेडिओवर माणसं गप्प झाली की ती आहेत की गेली ते कळत नाही. पण या वेळी ती आहेत असं त्याला वाटलं.

मोर्सची चावी कपाटात, कापडात गुंडाळलेली होती. टोकं काळी पडली होती. त्याने शर्टाच्या टोकाने पुसली, तार जोडली, आणि आधी लांब शीळ दिली, मास्तरांनी शिकवली होती तशी, अगदी घाई न करता. मग आपली रेडिओवरची खूण. मग: ‘मास्तर. मी आहे.’ हात अवघडला होता, एक अक्षर चुकलं, परत दिलं. टुई, आणि शीळ आली. लांब. बोट उचलायला त्यांना किती कष्ट पडतायत ते त्या लांबीवरून कळत होतं. त्याने ठरवून घेतलं आणि तसं कळवलं: हो असेल तर शीळ, नाही असेल तर गप्प राहायचं. ‘झटका आला?’ शीळ. ‘उजवा हात?’ शीळ. ‘घरी एकटेच?’ खरखर, नुसती खरखर. म्हणजे नाही, कुणीतरी आहे, त्याचा जीव भांड्यात पडला. ‘बायको नमस्कार सांगते.’ हा प्रश्न नव्हता, तरी शीळ आली. त्याला हसू आलं. अशा प्रश्नांवर रात्र काढता आली असती, औषधं घेता का, भूक लागते का, त्याला ते मनापासून हवंही होतं. पण त्याखालचा प्रश्न तसाच होता आणि तो टाळला तर उद्यापासून प्रत्येक शिळेत तोच ऐकू आला असता.

‘मी बोललो ते सगळं ऐकलंत?’ त्याने दिलं.

शीळ आली. ताबडतोब. ती बराच वेळ चालली, पहिल्या सगळ्यांपेक्षा जास्त. हाताने साथ दिली नाही म्हणून, की त्यांनाच ती थांबवायची नव्हती, हे त्याला कळलं नाही. त्याने ती पूर्ण ऐकली. मग चावीवर बोट ठेवलं. एकच शब्द होता.

‘रागावलात?’

खरखर. चार्जरची किरकिर, पाटीची गुरगुर. लिफ्ट वर गेली, थांबली. शीळ नाही. त्यानेच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे याचा अर्थ नाही असा होता: रागावलो नाही. पण चावी ढकलून माणूस उठून गेला तरी असंच ऐकू आलं असतं. दमून डोळा लागला तरी. रागाने भिंतीकडे बघत बसला तरी असंच. प्रश्न उलटा करून विचारणं सोपं होतं, ‘माफ केलंत?’ असा, त्याचं बोट चावीपर्यंत गेलंही, आणि तिथेच राहिलं. तेही त्यांच्याकडून ओढून घ्यायचं? एकच शीळ घालता येणाऱ्या माणसाकडून? त्याने बोट काढून घेतलं. रुंदीचं बटण आधीच शेवटाला टेकलेलं होतं, ते त्याने उगाच आणखी फिरवून पाहिलं. काढण्यासारखी गाळणी कुठली राहिली नव्हती. तो दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून वाकून बसला. बाहेर अंधारून आलं होतं, दिवा लावायला हवा होता.

"हॅलो," बऱ्याच वेळाने कॅप्टन हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे काहीच येत नाहीये. संपलं का तुमचं? आम्ही यायचं का?"

"थोडं थांबा," तो म्हणाला. "ते बोलतायत अजून."